लेस लावलेला काठ धुतल्यावर का चुणतो: कारण कसे ओळखावे आणि दुरुस्ती कशी करावी

हाताने विणलेली क्रोशाची लेस टेबलक्लॉथला, उशीच्या अभ्र्याला किंवा देव्हाऱ्यातल्या आसनाला लावली, लावताना ती नीट बसली, आणि पहिल्या-दुसऱ्या धुलाईनंतर काठ वेडावाकडा झाला, ही तक्रार इतकी नेहमीची आहे की बहुतेक जणी तिला हातकामाचा अटळ भाग समजतात आणि दर वेळी खळ घालून, कडक इस्त्री फिरवून तेवढ्यापुरते भागवून घेतात. पुढच्या धुलाईत खळ निघून जाते आणि काठ पुन्हा पहिल्यासारखा होतो. इस्त्रीने हा दोष जात नाही, कारण ती सुरकुती नसते. तो लांबीतला फरक असतो. काठावर तीन गोष्टी एकमेकींना जखडलेल्या असतात: कापड, लेस आणि ज्या दोऱ्याने लेस शिवली तो दोरा. तिघांची लांबी सारखी राहिली तर काठ सपाट पडतो. एकीची जरी बदलली तरी उरलेल्या दोघींना गोळा व्हावे लागते. त्यामुळे कोणाची लांबी बदलली आणि केव्हा बदलली, एवढे शोधले की दुरुस्ती कोणती करायची हे आपोआप ठरते.

आधी काठ पाहावा

कपडा धुऊन, इस्त्री न करता, पूर्ण वाळल्यावर टेबलावर पसरावा आणि हाताने ओढून सरळ न करता पाहावा. कापड सपाट पडले असून लेस वरखाली होत असेल, तिच्या महिरपी एकमेकींवर चढत असतील, तर लेस कापडापेक्षा लांब आहे. उलट लेस ताठ, ओढल्यासारखी दिसत असून तिच्या लगतच्या दोन-तीन बोटे रुंदीच्या कापडाला चुण्या पडल्या असतील, तर लेस आखूड आहे. लेस आणि कापड दोन्ही एकाच ठिकाणी बारीक गोळा झाले असतील आणि चुणी जवळजवळ प्रत्येक टाक्याला पडली असेल, तर त्या दोघांचाही काही दोष नाही. शिवणीचा दोरा आवळला आहे. पहिल्या दोन दोषांच्या दुरुस्त्या एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत, म्हणून खूण न ओळखता हात घातला तर दोष वाढतो.

त्यानंतर दोष कुठे आहे ते पाहावे. समोरासमोरच्या दोन बाजूंना जास्त आणि उरलेल्या दोन बाजूंना कमी असेल तर कापड आटले आहे, हे जवळपास निश्चित समजावे. फक्त कोपऱ्यांजवळ असेल तर कोपऱ्याचा हिशेब चुकला आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तो वाढत जात असेल तर विणताना हात बदलला आहे, म्हणजे सुरुवातीची वीण आवळ आणि शेवटची सैल, किंवा याच्या उलट. आणि लेस लावली त्याच दिवशी, पाणी लागायच्या आधीच दोष दिसत असेल, तर आटण्याचा प्रश्नच येत नाही.

एवढ्यावरही शंका राहिली तर एक खात्रीचा उपाय आहे. बाजूच्या मध्यावर वीतभर अंतरावर दोन खुणा रंगीत दोऱ्याने कराव्यात, प्रत्येक खुणेचा टाका लेस आणि कापड दोन्हींतून घ्यावा, आणि दोन खुणांमधली शिवण बारीक कात्रीने उसवावी. लेस आणि कापड सुटे झाल्यावर दोन्ही पट्टीने वेगवेगळे मोजावेत. कापड २० सें.मी. आणि लेस २०.८ सें.मी. भरली तर ते ८ मि.मी. म्हणजेच तो दोष. मीटरभर काठावर तो ४ सें.मी. होतो. दोन्ही सारखेच भरले आणि सुटे झाल्याबरोबर सपाट पडले तर दोरा बदलून पुन्हा शिवणे एवढेच काम उरते. लेस काढल्यावर कापडाचा काठ तरीही चुणलेलाच राहिला, तर मशीनवर घातलेली हेम, म्हणजे कड दुमडून मारलेली शिवण, पाहावी. मशीनचा ताण जास्त असेल तर हेमच कापड ओढून धरते आणि बिचाऱ्या लेसवर विनाकारण ठपका येतो.

कापड आटले असेल तर

नवे सुती कापड पहिल्या धुलाईत ३ ते ५ टक्के आटणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. सैल विणीचे हातमागाचे कापड आणि खादी याहून जास्तही आटते. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात आणि पाणी लागल्यावर ते हा ताण सोडतात, म्हणून कापड सहसा उभ्या धाग्याच्या दिशेने जास्त आटते आणि आडव्या धाग्याच्या दिशेने कमी. क्रोशाचा चकाकणारा दोरा मात्र मर्सराइज्ड असतो, म्हणजे ताणून धरलेल्या अवस्थेत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढलेला असतो, आणि तो फार आटत नाही. (जॉन मर्सर यांनी १८५० साली या प्रक्रियेचे पेटंट घेतले तेव्हा सूत ताणाशिवाय बुडवले जाई आणि त्यातच आटून बसे, ताणून धरण्याची सुधारणा होरेस लो यांनी १८९० साली केली, आणि आज गुंडीवर दिसणारी चकाकी त्या ताणातून येते.) आता ९० सें.मी. चौरस टेबलक्लॉथ घेऊ. उभ्या दिशेने ते ४ टक्के आणि आडव्या दिशेने २ टक्के आटले, तर बाजू ८६.४ आणि ८८.२ सें.मी. होतात. लेस एकच टक्का आटून ८९.१ सें.मी. राहिली. म्हणजे दोन बाजूंना लेस २.७ सें.मी. जास्त आणि उरलेल्या दोन बाजूंना ०.९ सें.मी. जास्त झाली. दोन बाजूंना लाटा आणि दोन बाजूंना जेमतेम काही, हे चित्र असे तयार होते.

हे टाळण्याचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो आणि घाईत हमखास गाळला जातो: कापड कापण्यापूर्वी धुवावे. नुसते पाण्यात बुडवून काढणे पुरेसे नाही. पुढे तो कपडा ज्या रीतीने धुतला जाणार आहे, गरम पाण्यात किंवा मशीनमध्ये, त्याच रीतीने तो दोनदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून मग कापावा. पॉपलिनच्या किनारीवर ‘सॅनफोराइज्ड’ असे छापलेले असेल तर ते गिरणीतच आटवलेले असते आणि पुढे साधारण १ टक्क्याच्या आसपासच आटते. तरीही एक धुलाई द्यावी, कारण नव्या कापडातली खळ निघाल्यावर त्याचा पोत बदलतो आणि सुई वेगळी चालते. किती आटेल याचा अंदाज हवा असेल तर तुकड्यावर २० सें.मी. चा चौकोन दोऱ्याने आखून तुकडा धुवावा आणि दोन्ही दिशांनी मोजावे. विणलेल्या लेसचाही वीतभर नमुना त्याच बादलीत घालावा, विशेषतः लेस गडद लाल, मरून किंवा निळी असेल तर, म्हणजे रंग जातो का हेही त्याच वेळी समजते.

लेस लावून झाली आणि मग कापड आटले, तर जास्तीची लांबी कुठेतरी मुरवावी लागते. एका मीटरला सेंटीमीटरभर जास्तीची लेस नीट वाटून शिवली तर सहज मुरते आणि दिसतही नाही. त्याहून जास्त असेल तर ती बाजू पूर्ण उसवून लेसचा एक नमुना, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा एक भाग, कमी करणे हाच मार्ग आहे, आणि येथे लेस कशी विणली आहे याने फार फरक पडतो. आडवी विणलेली लेस, म्हणजे जिची प्रत्येक ओळ लेसच्या रुंदीएवढीच असते आणि जी ओळीमागून ओळ लांब होत जाते, ती शेवटच्या टोकाकडून हव्या तेवढ्या ओळी उसवून आखूड करता येते. उभी विणलेली लेस, म्हणजे लांबलचक साखळी घालून तिच्यावर ओळी चढवलेली लेस, तशी आखूड करता येत नाही. ती कापून सांधावी लागते किंवा जास्तीचा भाग कोपऱ्यांत चुणीने जिरवावा लागतो. सुटी विणून कापडाला लावायची लेस शक्यतो आडवीच विणावी असे माझे मत याच कारणाने आहे. ती विणता विणता शिवतही जाता येते आणि शेवटच्या कोपऱ्याजवळ पोचल्यावर नेमकी किती ओळी हवी हे डोळ्यांसमोर दिसते.

लेस आखूड पडली असेल तर

विकतच्या लेसमध्ये हा दोष क्वचित दिसतो, हाताच्या लेसमध्ये मात्र सर्रास. साखळ्यांच्या जाळीची लेस ओढली की सहज लांब होते, आणि शिवताना डाव्या हाताने ती धरताना आपण तिला नकळत ओढत असतो. ओढलेल्या स्थितीत ती कापडाला शिवली जाते, काही दिवस तशीच राहतेही, पण पाण्यात पडल्यावर आपल्या मूळ लांबीवर परत येते आणि कापडाला बरोबर ओढून घेते. अशा वेळी ‘लेस आटली’ असे म्हटले जाते. ती आटलेली नसते, सुटलेली असते.

उपाय दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा शिवण्याआधीचा: विणून झालेली लेस कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, थर्माकोलच्या पाट्यावर पांढरे कापड पसरून त्यावर टाचण्यांनी लावावी आणि सावलीत वाळू द्यावी. टाचण्या न गंजणाऱ्या असाव्यात. गंजाचा एक ठिपका पांढऱ्या लेसमधून पुढे सहजासहजी जात नाही. लांब लेस एका वेळी पाट्यावर मावत नसेल तर कागदावर सरळ रेघ आखून तेवढ्या लांबीचे तुकडे एकामागून एक लावावेत. येथे लेस ताणायची नसते. महिरपींची टोके बाहेर काढावीत, साखळ्यांचे फास उघडावेत, पण शिवायची कड आपल्या मूळ लांबीवरच ठेवावी. लेस कमी पडते म्हणून पाट्यावर दोन-चार सेंटीमीटर ओढून ‘पुरवण्याचा’ मोह होतो, पण ती मिळालेली लांबी पहिल्या धुलाईत परत जाते.

दुसरा टप्पा वाटणीचा. कापडाच्या बाजूचे दुमडून आठ भाग करावेत आणि खुणा कराव्यात. लेसचेही आठ भाग करून खुणा कराव्यात. खूण खुणेला टाचावी आणि मगच शिवायला घ्यावे. मी दर मीटरला साधारण सेंटीमीटरभर लेस जास्त ठेवते. एकेका भागात ती इतकी थोडी येते की कळतही नाही, आणि विणकरणीच्या हातून अजाणता ओढली जाणारी लांबी त्यातून भरून निघते. एका टोकापासून सरळ शिवत निघालेल्या बाईच्या हातात शेवटी एकतर दोन बोटे लेस उरते किंवा दोन बोटे कमी पडते, आणि ती चूक मग शेवटच्या वीतभर जागेत कोंबली जाते.

गोव्यातल्या चॅपेलमध्ये आणि घरातल्या वेदीवर पसरायच्या कापडांना पुढच्या कडेने हातभर नव्हे तरी वीतभर रुंदीची क्रोशाची लेस लोंबती लावलेली असते, तिच्यात हाच दोष वेगळ्या वाटेने येतो. लोंबती जाळी स्वतःच्या वजनाने खाली लांब होते, आणि जाळी उभी लांब झाली की आडवी अरुंद होते; त्यामुळे आधी मोजून लावलेली लेससुद्धा काही महिन्यांनी कापड आत ओढू लागते. अशी रुंद लेस शिवण्याआधी एक-दोन दिवस सरळ काठीला टांगून ठेवावी, ती किती खाली येते ते येऊ द्यावे, आणि मग आडवी लांबी मोजून कापड कापावे. उभ्या खांबांचे (सुईवर दोरा गुंडाळून विणलेल्या उंच टाक्यांचे) भरीव पट्टे मध्ये असलेला नमुना जाळीपेक्षा कमी ओघळतो, म्हणून लोंबत्या कामासाठी तोच निवडावा.

पायाची साखळी आवळ असेल तर

लेस अजून कापडाला लावलेली नाही, ती टेबलावर सरळ पसरली तरी धनुष्याकार वळते आणि साखळीची कड आतल्या बाजूला राहते, असे असेल तर दोष विणीत आहे. साखळी घालताना हात आखडतो, पुढच्या ओळी मात्र मोकळ्या पडतात, म्हणून पहिली कड आखूड आणि शेवटची लांब होते. अशी लेस दडपून सरळ शिवली की साखळी ताणली जाते आणि कापडाला धरून ठेवते. टाचण्या लावून वाळवण्याने यात काहीच फरक पडत नाही.

साखळी घालताना सुई एक माप मोठी घ्यावी. २० नंबरच्या दोऱ्यासाठी १.२५ मि.मी. ची सुई वापरत असाल तर साखळीपुरती १.५ मि.मी. ची घ्यावी आणि पहिल्या ओळीला मूळ सुईवर यावे. मोजणी चुकण्याची भीती वाटते म्हणून अनेक जणी साखळी पुन्हा पुन्हा मोजतात. त्यापेक्षा दहा-पंधरा साखळ्या जास्त घालाव्यात, कारण उरलेल्या साखळ्या सुरुवातीच्या गाठीकडून नंतर उसवता येतात. पूर्ण विणून झालेल्या लेसची आवळ साखळी बदलता येते, पण ते सोपे नाही: साखळीचा एक टाका कापून तिचा दोरा थोडाथोडा काढत जायचे आणि सुटणारे फास लगेच नव्या सैल साखळीत पकडत जायचे. दोन मीटर लेससाठी हे करण्याइतका धीर माझ्याकडे नाही. वळणारी लेस टाकून मात्र देऊ नये. ती गोल कापडासाठी ठेवावी, कारण आतली कड आखूड आणि बाहेरची लांब हीच गोल काठाची गरज असते.

कोपरा आणि गोल काठ

चौकोनी कापडाच्या कोपऱ्यावर लेसची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लेसच्या रुंदीच्या दुप्पट लांब असावी लागते. ५ सें.मी. रुंदीच्या लेसला प्रत्येक कोपऱ्यात १० सें.मी. आणि चार कोपऱ्यांत मिळून ४० सें.मी. जास्त लांबी लागते. एवढी लांबी दिली नाही तर कोपरा वर उचलला जातो आणि कापडाचे टोक आत वळते. जास्त दिली तर कोपऱ्यात फुगवटा येतो. सरळ विणलेली लेस कोपऱ्यात चुणून लावायची असेल तर तेवढी लांबी आतल्या कडेवर धावदोरा घालून ओढून घ्यावी, आणि ती कोपऱ्याच्या अगदी टोकाला न कोंबता दोन्ही बाजूंना लेसच्या रुंदीएवढ्या अंतरात वाटावी. काठावरच विणत असाल तर मुक्या खांबाच्या (दोरा न गुंडाळता विणलेल्या आखूड टाक्याच्या) ओळीत कोपऱ्याच्या एका टाक्यात तीन, आणि खांबाच्या ओळीत दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब एवढे दर ओळीला द्यावे लागतात. अनेक जणी ही वाढ पहिल्या ओळीत देतात आणि पुढच्या ओळींत विसरतात. मग कोपरा पहिल्या बोटभर रुंदीत सपाट आणि पुढे ताठ दिसतो.

काठावर विणताना नमुन्याची पटही बसली पाहिजे. समजा १० सें.मी. मध्ये आपले ४५ टाके बसतात आणि नमुना १२ टाक्यांचा आहे. ८६ सें.मी. बाजूला ३८७ टाके येतात, म्हणजे ३२ नमुने आणि वर ३ टाके. हे ३ टाके पायाच्या ओळीतच बाजूभर विखरून गाळावेत आणि ३८४ वर यावे. शेवटच्या नमुन्यात तीन टाके दाबून बसवले की त्याच कोपऱ्याशेजारी कायमची चुणी राहते. पायाची ओळ थेट कापडातून सुई खुपसून घालू नये. पोलादी बारीक सुई कापडाचे धागे तोडते आणि ती भोके धुलाईगणिक मोठी होत जातात. हेमवर आधी काजटाका घालावा आणि त्या फासांतून विणायला सुरुवात करावी.

गोल कापडाचा हिशेब एकाच आकड्यात बसतो: बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लेसच्या रुंदीच्या साधारण ६.२८ पट लांब असावी लागते, मग कापड बशीएवढे असो वा जेवणाच्या टेबलाएवढे. ३ सें.मी. रुंदीच्या लेसला १९ सें.मी. जास्त. मधून विणत जाणाऱ्या गोल रुमालालाही हाच नियम लागू होतो. सपाट राहण्यासाठी दर फेरीला मुक्या खांबांत साधारण ६ आणि खांबांत साधारण १२ टाके वाढवावे लागतात. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कड लाटते. फार सैल हाताच्या विणकरणीला अकरा पुरतात आणि आवळ हाताच्या विणकरणीला तेरा लागतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर काम टेबलावर ठेवून पाहावे आणि त्याच वेळी सुधारावे.

शिवण

हाताची लेस मशीनवर लावू नये. मशीनचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि दाबपट्टी वरचा थर मागे ढकलते. लेस वर असेल तर ती ताणली जाते, आणि मशीनची टीप उसवताना लेसचे दोरे तुटतात ते वेगळेच. कपडा लेसच्या आधी फाटतो, आणि चांगली लेस दोन-तीन कापडांना पुरते, त्यामुळे ती अशीच लावावी की अखंड काढता येईल. नाइलाजाने मशीनवर लावायचीच झाली तर जास्त लांबीचा थर खाली ठेवावा, दाबपट्टीचा दाब कमी करावा आणि खाली पातळ कागद घेऊन टीप मारून नंतर तो फाडून काढावा.

हातशिलाईसाठी ९ किंवा १० नंबरची बारीक सुई आणि लेसच्या रंगाचा सुती दोरा घ्यावा, तोही हातभरापेक्षा लांब नको. सुई हेमच्या घडीतले दोन धागे उचलते, मग लेसच्या कडेच्या साखळीचे दोन्ही पदर एकत्र उचलते, आणि दोरा ओढताना घडी आणि साखळी एकमेकींना जेमतेम टेकतात एवढ्यावर थांबायचे. साखळीचा एकच पदर उचलला तर कड आडवी पडते आणि धुताना तो पदर ओढला जाऊन फास मोठा होतो. सुई दोऱ्याच्या पिळातून कधीच जाऊ नये. गेली तर टाका काढून पुन्हा घ्यावा, कारण पिळातून गेलेला दोरा पुढे लेस कुरतडतो. चार बोटांच्या अंतराने एक बारीक उलटी टीप घ्यावी. तिच्यामुळे एका जागी आवळलेला दोरा पुढची सगळी शिवण ओढत नाही, आणि एखादा टाका तुटला तरी बाजूभर शिवण सुटत नाही. शिवण झाल्यावर काठ दोन हातांत धरून हलकेच ताणून पाहावा. दोरा ‘कट’ असा आवाज करून तुटला तर बरेच झाले. तो धुलाईत कापड ओढणार होता.

सिल्क, जॉर्जेट आणि शिफॉन यांच्याबाबत एवढेच की २० नंबरच्या दोऱ्याची लेस त्यांना जड होते. साडीच्या पदराला लावायची असेल तर ४० किंवा ६० नंबरचा, म्हणजे अधिक बारीक, दोरा घ्यावा आणि साडी जशी ड्रायक्लीन होते तशीच लेसही होणार हे धरून चालावे. अॅक्रिलिक लोकरीची लेस पाण्याने आकार धरत नाही आणि गरम इस्त्रीने वितळते. तिच्यासाठी या लेखातला पाट्याचा उपाय चालणार नाही.

शिकवताना हा दोष कसा टाळावा

लेस शिकवणाऱ्या वर्गांत पहिले काम म्हणून रुमालाला काठ विणायला देण्याची पद्धत आहे, आणि ती मला चुकीची वाटते. रुमालाला चार कोपरे असतात, कापड पातळ असते आणि नवख्या हाताला या दोन्ही गोष्टी एकदम पेलत नाहीत. नॅपकिनच्या किंवा हात पुसण्याच्या टॉवेलच्या दोन टोकांना लेस लावायला द्यावी: कोपरे नाहीत, कापड जाड आहे, आणि दोन टोकांच्या दोन लेस शेजारी ठेवल्या की हात किती बदलला हे मुलीला स्वतःलाच दिसते. जाड दोरा आणि २.५ मि.मी. च्या आसपासची सुई घेऊन सुरुवात करावी, रंग फिका असावा, कारण गडद रंगात टाके दिसत नाहीत.

आवळ हात बहुतेक वेळा उजव्या हातात नसतो, डाव्या हातात असतो. दोरा करंगळीभोवती गुंडाळून तर्जनीवरून सोडायचा आणि करंगळीनेच ताण कमी-जास्त करायचा, हे नीट बसले नाही तर मुलगी प्रत्येक टाक्यानंतर दोरा ओढून ‘पक्का’ करते. तो ओढण्याचा झटका दिसला की तेथेच थांबवावे. ओळ संपली की टाके मोजायला शिकवतो, तसेच दर वीतभर लेस झाल्यावर पट्टीने लांबी मोजून कागदावर लिहायलाही शिकवावे. टाके बरोबर असूनही लांबी वाढत किंवा घटत असते, आणि नुसत्या मोजणीत ते सापडत नाही.

एकाच कापडासाठी अनेकींनी विणायचे असेल, जसे बचत गटांच्या कामांत होते, तर सगळ्यांना एकाच मापाची सुई देणे ही चूक आहे. सगळ्यांच्या १० सें.मी. मध्ये सारखे टाके आले पाहिजेत, त्यासाठी एकीला १ मि.मी. ची आणि दुसरीला १.२५ मि.मी. ची सुई लागली तरी चालेल. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसमध्येही तुकडे वेगवेगळ्या घरांत विणले जातात आणि जोडणी वेगळ्या हातांनी होते. अशा कामात तुकड्याचे माप हाच सगळ्यांमधला करार असतो. शेवटची बाहेरची ओळ मात्र एकीनेच सगळीकडून फिरवावी, म्हणजे बारीक फरक त्या ओळीत झाकले जातात.

खळ, इस्त्री आणि जुन्या वस्तू

खळ वाईट नाही. रुखवतात मांडायच्या वस्तूंना, उभ्या टोपल्यांना ती लागतेच. मात्र साबुदाण्याची किंवा तांदळाची खळ घातलेली लेस पावसाळ्यात कपाटात ठेवली तर बुरशी धरते आणि कसरीचे खाद्य होते, म्हणून ठेवणीतली लेस खळ धुऊन काढूनच ठेवावी. इस्त्री नेहमी उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घेऊन करावी, नाहीतर उठावदार टाके चपटे होतात.

आजी-पणजीच्या वस्तूंमध्ये बहुधा कापड विरलेले आणि लेस शाबूत असते. येथे चुणी काढण्यासाठी लेस ओढू नये. जुन्या कापडासकट ती भिजवावी, शिवण उसवावी आणि लेस स्वतःच्या लांबीवर वाळू द्यावी. नवे कापड त्या लांबीला मापून कापावे, जुन्या कापडाच्या मापाने नव्हे. एखादा दोरा तुटलेला असेल तर तो लेस कोरडी असताना, शिवण्याआधी, त्याच जाडीच्या दोऱ्याने साखळी भरून बांधावा. कोपऱ्यात जुनी जोडणी असेल तर ती मात्र तशीच राहू द्यावी. त्या जागी दोरे अनेकदा ताणले गेलेले असतात आणि पुन्हा उसवले की सुईलाही धरवत नाहीत.